मोदिका, सिसिली: चॉकलेट तर खाच, पण मुक्काम करून खा

इटलीतल्या सिसिली बेटाच्या ट्रिपमध्ये मोदिका हे गाव घालावं का आणि घातलं तर किती वेळ द्यावा असं बऱ्याच ओळखीच्या लोकांनी विचारलं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते. माझं उत्तर सरळ आहे, नक्की जा आणि रात्रीचा मुक्काम ठेवा, जमलं तर दोन रात्री. कातानिया किंवा सिराकुसाहून ज्या दिवसभराच्या टूर निघतात त्यात नोतो, मोदिका आणि रागुसा अशी तिन्ही गावं एका दमात उरकतात, मग मोदिकाच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात, लोक मेन रोडवर एखादं चॉकलेट विकत घेतात, खालूनच चर्चचा फोटो काढतात आणि परत बसमध्ये. एवढ्यासाठी जाऊ नका. हे गाव चढून बघायचं आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाऊन समजून घ्यायचं आहे, आणि त्याला संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही लागतात.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझ्या मोठ्या नणंदबाई. ताई पक्क्या शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे खाली शाकाहाराबद्दल जे लिहिलंय ते सगळं काउंटरवर उभं राहून विचारून घेतलेलं आहे.

आधी गाव काय आहे ते सांगते. सिसिलीच्या आग्नेय कोपऱ्यात चुनखडीचं पठार आहे आणि त्यात नद्यांनी खोल घळी कापल्यात, अशा घळीच्या दोन्ही उतारांवर मोदिका चढत गेलंय. खालचा भाग मोदिका बास्सा, वरचा मोदिका आल्ता. ११ जानेवारी १६९३ ला या भागात प्रचंड भूकंप झाला, आग्नेय सिसिलीत साधारण ६० हजार माणसं गेली, गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, आणि मग पुढच्या शंभरेक वर्षांत लोकांनी सगळं नव्याने बांधलं, त्या काळात चाललेल्या बरोक, म्हणजे भरपूर नक्षीकामाच्या युरोपियन पद्धतीने. म्हणून इथली चर्च, वाडे, बाल्कन्या सगळ्या एकाच हाताच्या वाटतात, मधाच्या रंगाचा दगड, फुगीर खांब, बाल्कनीखाली तोंड वासलेले राक्षस आणि परी. २००२ मध्ये युनेस्कोने अशी आठ गावं मिळून जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात मोदिका आहे, शिवाय नोतो, रागुसा, शिक्ली, कातानिया, काल्ताजिरोने, पालात्सोलो आक्रेइदे आणि मिलितेल्लो.

आणि एक गोष्ट, जी मेन रोडवर चालताना कळत नाही. कोर्सो उंबेर्तो हा जो मोदिका बास्साचा मुख्य रस्ता आहे, जिथे आता कॅफे आणि चॉकलेटची दुकानं आहेत, तिथून पूर्वी ओढे वाहायचे. दोन प्रवाह गावात येऊन मिळायचे आणि त्यांच्यावर लहान-लहान पूल होते. सप्टेंबर १९०२ मध्ये रात्रीच्या पावसाने पूर आला, शंभराहून जास्त माणसं दगावली, आणि त्यानंतर ओढे वरून झाकून टाकले आणि रस्ता केला. म्हणजे आपण ज्याच्यावर कॉफी पीत बसतो त्याच्या खाली पाणी आहे. हे मला आमच्या घरमालकीण बाईंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं आणि नंतर त्या रस्त्याचं वळण, दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या गल्ल्या, सगळं एकदम नीट लागलं.

पोचायचं कसं तर कातानिया एअरपोर्टवरून थेट बस आहे, साधारण दोन तास लागतात, बस चांगली होती, एसी होता. रेल्वेपण आहे, सिराकुसाहून नोतो आणि शिक्ली करत येते, रूट फार सुंदर आहे पण गाड्या मोजक्या, रविवारी तर जवळपास विसराच, त्यामुळे टाइमटेबल बघितल्याशिवाय रेल्वेवर प्लॅन करू नका. कार घेतलीत तर जुन्या भागात गाडी घालायच्या भानगडीत पडू नका, खाली पार्क करा आणि चाला. गल्ल्या अरुंद आहेत आणि काही ठिकाणी बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेत, दंड घरी येतो.

राहायला आम्ही सान जॉर्जो चर्चच्या थोडं वर एक छोटं बीअँडबी घेतलं होतं. खोलीची मागची भिंत सरळ डोंगराची, म्हणजे पूर्वीचं गुहेतलं घर आणि पुढे बांधकाम. मोदिकात अशी शेकडो घरं होती, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसं त्यात राहायची, आता त्यातली बरीच अशी भाड्याने देतात. खोली उन्हाळ्यातसुद्धा गार, एसी लावावा लागला नाही, पण थोडा दमटपणा येतो, ज्यांना सर्दी-दम्याचा त्रास आहे त्यांनी दगडी भिंतीची खोली न घेता वरच्या मजल्यावरची मागावी. आणि बॅगांचं लक्षात ठेवा. टॅक्सी एका ठिकाणापर्यंत येते, पुढे पायऱ्या, मोठी चाकांची बॅग तिथे काही कामाची नाही. मालकीण बाईंचा मुलगा खाली येऊन बॅगा घेऊन गेला, बुक करताना हे आधीच विचारून घ्या, बरेच जण मदत करतात. बाई रोज सकाळी दारात येऊन आज कुठे जाणार, काय खाल्लं, कुठे खाल्लं अशी चौकशी करायच्या आणि आम्ही नाव सांगितलं की एकतर मान हलवायच्या नाहीतर नुसतंच हं म्हणायच्या, दोन दिवसांत आम्हाला त्या हं चा अर्थ कळायला लागला आणि त्यांचा एकही सल्ला चुकला नाही.

आता बघायचं. सान जॉर्जोचं चर्च हे गावातलं मुख्य, त्याच्या पायऱ्या खाली कोर्सोपासून धरल्या तर २५० आहेत. दर्शनी भाग मधोमध उंच टॉवर होऊन वर जातो, पाच दरवाजे आहेत, आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना टप्प्याटप्प्याने बागा. फोटो खालून छान येतो पण खरी गंमत चढताना आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर समोरच्या उताराची घरं वेगळी दिसतात, आणि संध्याकाळी सात-साडेसातला ऊन तिरपं झालं की अख्खा दगड केशरी होतो. ताई मध्ये मध्ये बसत चढल्या, अर्धा-पाऊण तास घेतला, पण चढल्या. आत गेलात तर जमिनीकडे बघा. फरशीत एक तिरपी रेघ आहे, १८९५ मध्ये आर्मान्दो पेरीनी नावाच्या गणितज्ञाने आखलेली, भिंतीतल्या एका भोकातून दुपारी सूर्याची तिरीप येते आणि त्या रेघेवर पडते, त्यावरून मध्यान्ह कळते. आम्ही मुद्दाम त्या वेळेला गेलो होतो. नाण्याएवढा उजेडाचा ठिपका हळूहळू सरकत रेघेकडे येतो, चर्चमध्ये झाडू मारणारे आजोबासुद्धा झाडू टेकवून दोन मिनिटं बघत उभे राहिले, रोज बघत असतील तरी. ते बघून फार बरं वाटलं.

खाली मेन रोडवरच सान प्येत्रो आहे, त्याच्या पायऱ्यांवर दोन्हीकडे येशूच्या बारा शिष्यांचे माणसाएवढे पुतळे उभे आहेत. गावात पूर्वीपासून सान जॉर्जोवाले आणि सान प्येत्रोवाले असे दोन तट, कुठलं चर्च मोठं यावरून पिढ्यान्‌पिढ्या चढाओढ, आणि खरं सांगायचं तर गावाला दोन इतकी भव्य चर्च मिळाली ती त्या चढाओढीमुळेच. मला स्वतःला सान जॉर्जो जास्त आवडलं, नवऱ्याला सान प्येत्रो.

पण माझं सगळ्यात आवडतं ठिकाण या दोन्हींपेक्षा वेगळं आहे, सान निकोलो इन्फेरिओरे. सान प्येत्रोच्या जवळच एका गल्लीत, डोंगरात कोरलेलं एका खोलीएवढं चर्च. भूकंपानंतरच्या सगळ्या झगमगाटाच्या कितीतरी आधीचं, भिंतीवर बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) पद्धतीची चित्रं, मधे येशू, हात आशीर्वादाचा. हे १९८७ मध्ये सापडलं, तोपर्यंत ती जागा नुसती अडगळीची खोली म्हणून वापरात होती. तिकीट अगदी थोडं, आत आम्ही तिघंच होतो, आणि जी मुलगी तिकीट देत होती तिनेच टॉर्च घेऊन चित्रांचे थर दाखवले, एकाच भिंतीवर जुन्या चित्रावर नवीन चित्र कसं काढलंय ते. बरोक बघून डोळे भरले की इथे या.

कवी साल्वातोरे क्वासिमोदो यांचं जन्मघरपण मोदिकात आहे. १९०१ चा जन्म, १९५९ चं साहित्याचं नोबेल. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. घर छोटं आहे, पंधरा-वीस मिनिटांत बघून होतं, त्यांच्या वस्तू आहेत, कविता वाचणाऱ्यांनी जरूर जावं, बाकीच्यांनी वेळ असेल तर. किल्ल्याचा घड्याळाचा टॉवर गावातून कुठूनही दिसतो, लांबूनच छान आहे. आणि मोदिका आल्ताला पित्सो नावाचा कठडा आहे तिथून पूर्ण घळ दिसते, तिथे रात्री जा, दोन्ही उतारांवर दिवे लागलेले असतात. दिवसाच्या टूरवाल्यांना हे दिसतच नाही म्हणून मुक्काम मुक्काम करतेय.

आता चॉकलेट. याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण आपले लोक पहिला तुकडा तोंडात टाकून खराब झालंय वाटतं असं म्हणतात, आमच्या शेजारच्या टेबलावर एक भारतीय कुटुंब अगदी हेच म्हणत होतं आणि मला राहवलं नाही, मी जाऊन सांगितलं.

मोदिकाचं चॉकलेट कणीदार असतं आणि ते तसंच असायला हवं. नेहमीच्या चॉकलेटमध्ये कोको आणि साखर तासन्‌तास घोटतात, वरून कोको बटर घालतात, म्हणून ते गुळगुळीत होतं. इथे कोकोचा लगदा फक्त ४० अंशांच्या आसपास गरम करतात, पातळ होईल इतपतच, आणि मग साखर आणि मसाला मिसळतात. एवढ्या कमी तापमानाला साखर विरघळतच नाही, ती कणी तशीच राहते. दूध नाही, वरून बटर नाही. दाताखाली साखर कचकन येते, आपल्या कंदी पेढ्यात येते ना तशी, आणि कोको मागाहून हळूहळू सुटतो, कडवट आणि भरपूर. वडीवर पांढरट धुरकट छटा असते, तीही खराबी नाही, कोकोचं स्वतःचं तूप वर आलेलं असतं इतकंच.

ही पद्धत आली कुठून तर स्पॅनिश लोकांकडून, सिसिली तेव्हा स्पेनच्या ताब्यात होती आणि मोदिका ही मोठी जहागीर होती. मेक्सिकोत स्थानिक लोक दगडाच्या पाट्यावर कोको वाटायचे ते स्पॅनिश लोकांनी पाहिलं, तिथून ती रीत इथे पोचली असं मानतात. बाकी युरोपात पुढे मशीन आली, गुळगुळीत चॉकलेट आलं, मोदिकाने मात्र आपली जुनी रीत सोडली नाही. २०१८ मध्ये मोदिकाच्या चॉकलेटला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, चॉकलेटला असं मानांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून रॅपरवर निळं-पिवळं आयजीपीचं (या मानांकनाचं इटालियन नाव) गोल चिन्ह आहे का ते बघून घ्या, नुसतं मोदिका लिहिलेली बरीच पाकिटं एअरपोर्टवर मिळतात त्यांचं काही सांगता येत नाही.

आम्ही बोनायुतोमध्ये गेलो, कोर्सो उंबेर्तोवर एका अरुंद बोळात आहे, १८८० पासूनचं दुकान, गावातलं सगळ्यात जुनं. आत लाकडी कपाटं, काउंटरवर छोट्या छोट्या डब्यांत सगळ्या चवींचे तुकडे ठेवलेले, चाखून बघा आणि मग घ्या, कोणी घाई करत नाही. दालचिनी आणि व्हॅनिला या मूळ चवी, बाकी मिरची, वेलची, आलं, मीठ, संत्र्याची साल अशा बऱ्याच. मिरचीचं चॉकलेट आपल्या जिभेला तिखट म्हणावं असं नाही, घशात थोडी ऊब येते, पण मला दालचिनीपुढे बाकी सगळं डावं वाटलं. मीठवालं दुसऱ्या नंबरावर. संत्र्याचं घेऊ नका असं नाही म्हणणार पण कोकोची चव त्यात मागे पडते.

दुसऱ्या एका लहान कारखान्यात आम्हाला करताना बघायला मिळालं. कारागीर काळा, ओलसर, दाटसर गोळा हाताने उचलून पत्र्याच्या साच्यात दाबत होता, हाताचा अंदाज असा की प्रत्येक गोळा वजनाला सारखाच, काटा बाजूला होता पण तो क्वचितच त्यावर ठेवायचा. साचे भरले की सगळे एका लाकडी ट्रेमध्ये आणि मग तो ट्रे टेबलावर दाणदाण आपटायचा, एकसारखा, जोरात, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि लगदा कोपऱ्यापर्यंत बसतो. सुरुवातीला प्रत्येक साच्यात ओबडधोबड ढीग असतो आणि आपटता आपटता बघता बघता वरचा पृष्ठभाग सपाट आणि चमकदार होतो. आवाज इतका की बोलताच येत नाही. ताईंनी ओंजळ पुढे केली तर त्याने साच्याच्या कडेला लागलेलं चमच्याने काढून दिलं, कोमट. ते गार वडीपेक्षाही मला आवडलं, साखर अजून पूर्ण कोरडी आणि दालचिनीचा वास थेट डोक्यात.

शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं. चॉकलेट बिनधास्त खा, साधं चॉकलेट म्हणजे कोको, साखर, मसाला. पण त्याच दुकानात अर्धचंद्राच्या आकाराची, आपल्या करंजीच्या रूपाची बिस्किटं असतात, म्पानातिग्गी, त्यात चॉकलेट, बदाम, दालचिनी आणि बीफचा खिमा असतो. हो, खिमा. चवीला मांस अजिबात कळत नाही, त्यामुळे न विचारता उचललं तर समजणारच नाही. उपासाच्या दिवसांत मांस लपवून खाता यावं म्हणून नन्सनी ही बिस्किटं केली अशी गोष्ट गावात सांगतात. नवऱ्याने खाल्लं, त्याला खूप आवडलं. कानोलीच्या (गोड चीज भरलेल्या तळलेल्या नळीच्या) कवचात आणि काही पेस्ट्रीत डुकराची चरबी असते, तिला स्त्रुत्तो म्हणतात, तेवढा एक शब्द पाठ करून जा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, लोक प्रामाणिकपणे सांगतात, एका बेकरीतल्या बाईंनी तर ताईंच्या हातातला तुकडा परत घेऊन दुसरा दिला. रागुसानो चीजमध्येपण प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा. ताईंनी चीजच्या बाबतीत तडजोड केली, बाकी कशात नाही.

लोक चॉकलेटसाठी येतात, पण मोदिका जे रोज खातं ते स्काच्चा. आणि मला विचाराल तर या गावात येऊन चॉकलेट नाही खाल्लं तरी एकवेळ चालेल, स्काच्चा न खाता गेलात तर मोदिका खाल्लंच नाही. रव्यासारख्या पिवळ्या गव्हाच्या पिठाची अगदी पातळ पोळी लाटतात, तिच्यावर टोमॅटोचा घट्ट सॉस आणि काचोकावाल्लो चीज, मग दोन्ही बाजूंनी दुमडायची, परत सॉस, परत दुमडायची, लांबट चपटा आयत होतो, तो भट्टीत भाजतात. कापला की आत पाच-सहा थर दिसतात, बाहेरचा कुरकुरीत आणि आतले सॉस पिऊन मऊ झालेले. आम्ही मोदिका आल्ताच्या एका भट्टीतून घ्यायचो, सकाळी अकराच्या सुमाराला ताजा घाणा निघतो, गावातल्या बायका तेव्हाच रांगेत असतात, बाराला गेलात तर संपलेला असतो. टोमॅटो-चीज, वांगं, रिकोटा (पनीरसारखं मऊ ताजं चीज)-कांदा आणि पार्स्ली अशा चवी असतात, एका मोठ्या तुकड्याला तीन-साडेतीन युरो पडले आणि एकाचं जेवण होतं. सॉसेज घातलेलाही असतो त्यामुळे बोट दाखवताना विचारून घ्या. माझा पहिला नंबर रिकोटा-कांद्याचा. कांदा आधी मंद शिजवून गोड केलेला, रिकोटा ताजी, मिरी भरपूर. कागदात गुंडाळून देतात, चर्चच्या पायरीवर बसून गरमच खायचा, घरी नेऊन खाल्ला तर थर एकमेकांना चिकटतात आणि मजा जाते.

दुसरी गोष्ट लोल्ली आणि फावा. हे गरिबांचं, शेतातल्या माणसांचं जेवण. मोदिकाच्या पठारावर फावा बीन्सची एक स्थानिक जात पिकते, लवकर शिजणारी, पूर्वी जमिनीचा कस राखायला आणि गुरांना घालायला लावायचे, माणसंही तेच खायची, आता स्लो फूड या स्थानिक खाणं जपणाऱ्या संस्थेने ती जात जपायला घेतलीय. वाळवलेले दाणे अख्खे शिजवून अर्धवट घोटतात, त्यात जंगली बडीशेपेची पालेभाजी, आणि लोल्ली म्हणजे हाताने वळलेले जाडसर आखूड पास्त्याचे तुकडे, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. मसाला म्हणून काही नाही. ताईंनी पहिल्या घासाला मीठ मागितलं, तिसऱ्या घासाला गप्प झाल्या आणि शेवटी वाटी पुसून घेतली. पोटाला इतकं शांत जेवण त्या ट्रिपमध्ये दुसरं मिळालं नाही. फक्त ज्यांना जी-सिक्स-पीडीचा (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमच्या कमतरतेचा) त्रास आहे त्यांनी फावा बिलकुल खाऊ नये, आपल्याकडेही हा त्रास बऱ्याच जणांना असतो, माहीत असेल तर टाळा.

हे आम्ही मोदिका आल्तामधल्या एका छोट्या त्रात्तोरियात (घरगुती खाणावळीत) खाल्लं, आठ-दहा टेबलं, मेन्यू एका पाटीवर हाताने लिहिलेला. नवऱ्याने पोर्कच्या रग्गूतले (मांसाच्या घट्ट सॉसमधले) कावाती, म्हणजे एक प्रकारचा पास्ता, घेतले, ते पण उत्तम होते असं तो म्हणाला आणि त्याची बशी बघून मला खोटं वाटलं नाही. सोबत चेरासुओलो दी वित्तोरिया घेतली, शेजारच्या वित्तोरियाकडची वाइन, नेरो दाव्होला आणि फ्राप्पातो या दोन द्राक्षांची, सिसिलीतली एकमेव डीओसीजी (इटलीतल्या वाइनचा सगळ्यात वरचा) दर्जाची. हलकी, फळांचा वास, थोडी थंड करून देतात. माणशी वीस-बावीस युरोत वाइनसकट पोटभर झालं. शेवटी त्यांनी स्वतःहून कॅरोबचं लिकर आणून दिलं. कॅरोबची झाडं या भागात रस्त्याच्या कडेला, दगडी कुंपणांच्या मधे सगळीकडे दिसतात, काळ्या लांब शेंगा लोंबत असतात, इटलीतलं बहुतेक कॅरोब रागुसाच्या आसपासच पिकतं. त्याचं आइस्क्रीमही मिळतं, ते खा, चॉकलेटच्या जवळ जाणारी पण खजुराच्या अंगाची चव.

उलट अनुभवही सांगते. मेन रोडवरच्या एका जागी, जिथे बाहेर फोटोंचा मेन्यू लावलेला आणि चार भाषांत बोलवत उभे असतात, तिथे आम्ही एका दुपारी जेवलो. पास्ता जास्त शिजलेला, अरान्चिनो (सारण भरलेला तळलेला भाताचा गोळा) आतून गार, कानोली आधीच भरून ठेवलेले म्हणून कवच मऊ पडलेलं, आणि बिल त्या त्रात्तोरियापेक्षा दीडपट. कोपेर्तो म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी दोन-तीन युरो सगळीकडेच लावतात, ती फसवणूक नाही, पण जेवण असं असेल तर ते पैसेही टोचतात. एक साधी खूण सांगते, कानोली तुमच्या समोर भरत असतील तरच घ्या, काचेत भरलेले दिसले की पुढे चला.

सकाळचा नाश्ता ग्रानिता (बर्फाळ, दाणेदार गोठवलेलं सरबत) आणि ब्रिओश (मऊ गोडसर पाव). बदामाची ग्रानिता घ्या, उन्हाळ्यात तुतीची मिळाली तर तीच घ्या. वर छोटा अंबाडा असलेला पाव, तो अंबाडा आधी तोडायचा आणि ग्रानितात बुडवायचा. ब्रिओशमध्ये अंडं असतं त्यामुळे ताईंनी नुसती ग्रानिता घेतली, बदामाची ग्रानिता पाणी, बदाम आणि साखर एवढीच, तिला दूध लागत नाही. काउंटरवर उभं राहून कॉफी घेतलीत तर बरीच स्वस्त पडते.

वेळा सांभाळा. दुपारी एक-दीड ते चार-साडेचार गाव बंद. दुकानं, चर्च, बऱ्याच भट्ट्या, सगळं. त्या वेळात झोपा, खरंच झोपा, कारण रात्रीचं जेवण आठच्या आधी कुठे सुरू होत नाही आणि साडेनऊला गाव रस्त्यावर उतरतं, आजी-आजोबा, बाबागाड्या, पोरं, सगळे कोर्सोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतात. ऑगस्ट टाळा, पायऱ्यांवर ऊन सहन होत नाही. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर चांगलं. ईस्टरला जमलं तर दुधात साखर, त्या दिवशी मादोन्ना वासा वासा नावाची मिरवणूक असते, काळा झगा घातलेली मेरीची मूर्ती आणि येशूची मूर्ती दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी निघतात, दुपारी बाराला समोरासमोर येतात, तिचा काळा झगा गळून निळा दिसतो, कबुतरं उडतात आणि दोन्ही मूर्ती वाकून एकमेकींना भेटतात. आम्ही त्या दिवसांत नव्हतो, पण घरमालकीण बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवताना स्वतःचे डोळे पुसले. त्या वेळचं राहायचं बुकिंग मात्र खूप आधी करा.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी येऊच नये असं म्हणणार नाही, पण मुक्काम मोदिका बास्सात, मेन रोडच्या पातळीला घ्या आणि वर जायला बस किंवा टॅक्सी करा, सान जॉर्जोला वरच्या रस्त्याने गाडीने जाता येतं, तिथून पायऱ्या उतरत खाली यायचं. ताईंनी दुसऱ्या वेळी तसंच केलं आणि तेच जास्त एन्जॉय केलं. लहान मुलं असतील तर खेळायला मैदान-बिदान फारसं नाही, पण समुद्र वीसेक किलोमीटरवर आहे, गाडी असेल तर दुपारची बंदची वेळ तिकडे घालवता येते. हातात आणखी एक दिवस असेल तर शिक्ली करा, जवळच आहे आणि मोदिकापेक्षाही शांत. रागुसा इब्ला, म्हणजे रागुसाचा जुना भाग, सुंदर आहे पण तिथे खाणं मला महाग वाटलं.

चॉकलेट घरी आणायचं तर शेवटच्या दिवशी घ्या, शंभर ग्रॅमची वडी आम्हाला तीन-चार युरोच्या आसपास मिळाली. लोणीच्या नावाने वेगळं काही नसल्यामुळे हे नेहमीच्या चॉकलेटपेक्षा प्रवासात बरं टिकतं, आमचं मुंबईच्या मे महिन्यातही वितळून पसरलं नाही, थोडं मऊ झालं एवढंच. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरतं आणि साखरेची कणी जाते, घट्ट डब्यात कपाटात ठेवा. दालचिनीच्या वड्या जास्त घ्या, मिरचीची एक पुरे.